खर्ड्याची हजेरी

खर्ड्याच्या किल्ल्यात दर रविवारी जुन्या लढाईचा खेळ करणाऱ्या मंडळींची हजेरी पुकारायचं काम गहिनीनाथ सरांकडे होतं. निवृत्त ग्रंथपाल माणूस. चार लोकांसमोर त्यांचा आवाजच फुटत नसे.

“सर, आज गाव बघाया आलंय,” पागोटं बांधत खेळाचा म्होरक्या अंगद म्हणाला. “आज बी पुटपुटलात, तर फुडल्या रविवारपासनं पंकजा पुकारंल.”

सरांनी खिशातला कागद काढला, त्यात नजर खुपसली आणि पहिलं नाव पुकारलं.

“जी!” खणखणीत उत्तर आलं.

सरांना हुरूप चढला. दुसरं नाव, तिसरं नाव. त्यांचा आवाज भरदुपारी तटाला धडकून घुमू लागला. प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा जवळून येत होतं. लोक टाळ्या पिटत होते.

पंकजा हळूच जवळ आली. “सर, यादी चुकली तुमची. ह्यात आमचं एकाचं बी नाव न्हाई.”

सरांनी आता कुठं कागदाचा मथळा पाहिला. त्या लढाईत पडलेल्या शिपायांची ती यादी होती. जुन्या मोडी कागदावरून त्यांनीच उतरवून घेतलेली. समोर खेळातले बावीस जण तोंडं मिटून उभे होते.

एकच नाव उरलं होतं. कागदाची घडी घालता आली असती. पण असा आवाज सरांना जन्मात लागला नव्हता. त्यांनी छाती भरून घेतली आणि साऱ्या किल्ल्याला ऐकू जाईल असं ते नाव पुकारलं.

“जी, सरकार!” उत्तर त्यांच्या कानाशी आलं, ऊन श्वासासकट.