वीतभर वर

थांबा हो पाहुणे, एक गोष्ट सांगतो, मग खुशाल बघा चित्रं. हे संग्रहालय सुरू झालं तेव्हा दोन खोल्या अन् अकरा चित्रं होती, आणि खिळे ठोकणारा सुतार मी. बायको समोर उभी राहून दटावायची, "तुमच्या ताडमाड उंचीनं लावू नका. आम्ही काय टाचा उंच करून बघायचं? माझ्या डोळ्यांपुढं आलं की ठोका!" मी तिच्या डोळ्यांची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं आखूनच ठेवली. पुढं दोन खोल्यांचे चार मजले झाले, पण प्रत्येक चित्र त्याच रेघेवर लागलं.

आता नवे साहेब म्हणतात, "काका, लोकांना वाकावं लागतं. सोमवारपासून सगळी वीतभर वर घ्या." तेव्हापासून खिशात टेप घालून नुसता येरझाऱ्या मारतोय बघा. ती जाऊन सहा वर्षं झाली. पण इथं कुठल्याही चित्रापुढं उभा राहिलो की मान अजून तेवढीच खाली जाते, तिच्याशी बोलताना जायची तेवढी. तुम्हीही उंच आहात, मान दुखेल तुमची. तरी जाताना दाराजवळच्या वहीत एवढं लिहा, की चित्रं आहेत तिथंच राहू द्या.