कपातला डोंगर

बैरुतच्या बाजारात हियामने शिवणकामाचं दुकान भाड्याने घेतलं त्याला आठ महिने झाले, पण शटर अजून बंदच होतं. रोज सकाळी शेजारच्या विदादखालाबरोबर कॉफी पिऊन झाली की दोघी आपापले कप बशीत पालथे घालायच्या आणि हियाम खालाला आपल्या कपातल्या गाळावरून भविष्य वाचायला लावायची. गाळात रोज डोंगराचाच आकार निघायचा.

"डोंगर आडवा आहे म्हणजे आज नको," असं म्हणताना हियामचा चेहरा सुटीची घंटा ऐकल्यासारखा व्हायचा.

"अगं, ही कॉफी आहे, परवान्याची कचेरी नाही. उघड की दुकान."

"आणि तुझी गाडी, खाला? चार वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे. चालवायला शिकणार होतीस ना?"

"माझा कप वाचणार कोण? स्वतःचा स्वतः वाचायचा नसतो."

एका मंगळवारी मात्र खाला कप उजेडात धरून बघतच राहिली. "डोंगर नाही गं आज. सरळ मोकळा रस्ता आहे."

हियामला दुसरी सबब सुचेना. दुपारी तिने शटर उघडलं आणि संध्याकाळपर्यंत दोन गिऱ्हाइकांची मापं घेतली.

दुसऱ्या दिवशी ती बकलाव्याचा डबा घेऊन खालाकडे गेली, तर दाराला कुलूप. खाली गाडीच्या जागी नुसती ताडपत्री, नीट घडी घातलेली. कुलपात एक चिठ्ठी खोचली होती.


"हियाम, काल आपले कप बदलले गेले. कडेची माझी लिपस्टिक मला नंतर दिसली. रस्ता माझा होता, म्हणून शिकवणाऱ्याला बोलावून गाडी शिकायला निघालेय. तुझ्या कपात डोंगरच होता, पण आता दुकान उघडलंच आहेस तर राहू दे."