फळ्यावरचे महायुद्ध

परळच्या चाळीत जिन्यापाशी टांगलेल्या फळ्यावर निवृत्त ग्रंथपाल दत्ताराम जाधव गेली तीन वर्षे दुसऱ्या महायुद्धाच्या बातम्या लिहीत होते. आजची जी तारीख, त्याच तारखेचे तेव्हाचे युद्ध. एकही खाडा नाही. सध्या १९४२चा ऑक्टोबर चालू होता आणि स्टालिनग्राड, उत्तर आफ्रिका, अटलांटिक अशा तिन्ही आघाड्या पेटलेल्या होत्या. दुधाला निघालेली माणसे थांबून वाचत आणि, "काका, रशिया टिकेल ना?" असे खऱ्याखुऱ्या काळजीने विचारत.

दरम्यान त्यांच्या हर्नियाचे ऑपरेशन दोनदा पुढे ढकलले गेले होते. आतडे अडकले तर जिवावर बेतेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. "युद्ध संपल्याशिवाय मी अ‍ॅडमिट होणार नाही," हे दत्तारामांचे ठरलेले उत्तर होते.

सोमवारी सकाळी ते खाली उतरले, तेव्हा फळ्यासमोर त्यांच्या पत्नी कौसल्याबाई हाताचा खडू झटकत उभ्या होत्या. फळ्यावर एकच ओळ होती : 'बर्लिन पडले. जर्मनी शरण.'

"अगं, काय केलंस हे? अजून अडीच वर्षं आहेत त्याला!"

"अभिनंदन, काका!" तळमजल्यावरची प्रिती दारातून ओरडली. "सुटलो बाई एकदाचे!"

"कसले सुटलो? जपान अजून लढतोय!"

कौसल्याबाईंनी फाटकाशी उभ्या असलेल्या टॅक्सीचे दार उघडले.

"जपानचं मी बघते. तुम्ही आत बसा."