शिकवलेला पूल

"दादा, पुलापाशी पोचतोच आम्ही. जखमींना खांद्यावर घेतलंय, उशीर होतोय," वायरलेसवर हवालदाराचा धाकटा भाऊ म्हणाला. पूल उडवायच्या सुरुंगाची मूठ हवालदाराच्याच हातात होती. शेजारी उभे असलेले कर्नल लष्करी शाळेत हाच पूल शिकवायचे: मागच्या युद्धात इथे आपल्या माणसांसाठी थांबलो आणि त्यांच्या पाठोपाठ शत्रू शहरात घुसला. "दाब मूठ," कर्नल म्हणाले. "साहेब, त्यांच्या मागे कुणीच नाही. माझा भाऊ आहे पलीकडे." "तेव्हाही कुणी दिसत नव्हतं. शहर अजून रिकामं झालेलं नाही." हवालदाराने मूठ दाबली. पूल नदीत कोसळला. धुरळा खाली बसल्यावर वायरलेस खरखरला. तिकडे कुणीतरी शिव्या घालत होतं. धाकट्याचा आवाज मात्र शांत होता. "बरोबर केलंस, दादा. टेकडीवरून शत्रू उतरताना दिसतोय. फक्त आईला सांगू नकोस, मूठ कुणी दाबली ते."