मागचं दिसणारं अस्वल

अस्वलाच्या मुंडक्यात मी गाडीचा रिव्हर्स कॅमेरा बसवला, कारण रोज मागून लाथ बसायची आणि मारणारा कोण ते कधीच दिसायचं नाही.

मोबाईलच्या दुकानासमोर मी अस्वल होऊन नाचतो. मुंडकं घरचंच, बायकोने स्पंज कापून शिवलेलं. बघायला तोंडाशी चार बोटांची जाळी, तीही फक्त समोरचं दाखवते. गेल्या महिन्यात लाथेने पडलो, पुढचा दात गेला. बायको म्हणाली, "आधी तो मेला कोण आहे ते बघा." मग भंगारातून कॅमेरा आणला, मानेवर लावला. आत नाकासमोर त्याचा छोटा स्क्रीन.

पहिल्याच संध्याकाळी स्क्रीनवर उचललेला पाय दिसला. मी बाजूला झालो. मागून आलेला शेठ, माझाच मालक, पायरीवर आपटला. इतका वेळ खिदळणारी गर्दी पांगू लागली.

वाटलं, गेली नोकरी. शेठने मुंडकं काढून घेतलं, उलटं करून आत पाहिलं आणि माझी पाठ थोपटली. "डोकं आहे रे तुला! पण चुकीच्या माणसाला दाखवतोयस. लोक लाथेसाठीच तर थांबतात."

दुसऱ्या दिवशी मानेवरचा कॅमेरा तसाच होता. आतला स्क्रीन काढून टाकला होता. मला मागचं जे दिसायचं, ते आता दुकानाबाहेरच्या मोठ्या टीव्हीवर दिसतं.

शेठ पाय उचलतो तेव्हा अख्खा चौक टीव्हीकडे बघून ओरडतो, "आली रे आली!" कुठल्या बाजूने, ते कुणीच सांगत नाही.