झाकणाच्या आतला रंग

हिरवा रंगही ओरखडला गेला होता.

रंगमास्तरांनी भिंग डोळ्याला लावून पुन्हा पाहिलं. वीतभर लांबीचं विमान, त्यात पेरभर कॉकपिट, आणि त्यावर काचेसारखं झाकण. झाकणाच्या चौकटीला आतून जिथे रंग दिला होता, तिथेच चार बारीक रेघा होत्या. शेजारी आणखी चार. खालचं पारदर्शक प्लास्टिक उघडं पडलं होतं. झाकण चिकटवलेलं होतं आणि गोंद कुठेही सुटलेला नव्हता. मास्तर जेवायला उठले तेव्हा रंग गुळगुळीत होता, आणि हात पुसत परत येतात तर हे.

मास्तरांनी तीस वर्षं गाड्यांच्या पेंटिंग शॉपमध्ये शेड जुळवल्या होत्या. अपघातात चेपलेलं दार असं रंगवायचे, की कुठलं दार चेपलं होतं ते मालकालाही सांगता येत नसे. निवृत्तीनंतर तोच हात विमानांच्या मॉडेलवर चालायचा, आणि मॉडेलवाल्या मंडळींत मास्तर म्हणतील ती पूर्व दिशा. त्यामुळे मूळच्या रशियन, पण लग्न होऊन इकडच्याच झालेल्या नव्वदीच्या एक बाई पत्ता शोधत आल्या तेव्हा मास्तरांनी जरा ऐटीतच त्यांना खुर्ची दिली.

बाईंना महायुद्धातलं एक सोव्हिएत फायटर हवं होतं. त्यांचा थोरला भाऊ ते उडवायचा. एका सकाळी तो गेला आणि आलाच नाही. विमान सापडलं नाही, तोही सापडला नाही.

"बाहेरून कसंही रंगवा हो," बाई म्हणाल्या होत्या. "मला आतलं बघायचंय. शेवटी त्याच्या डोळ्यांसमोर कुठला रंग होता, तेवढं मला दाखवा. माझे डोळे जायच्या आत."

डॉक्टरांनी त्यांच्या नजरेला महिन्याची मुदत दिली होती. त्यातले तीन आठवडे सरले होते.

पंचाईत तिथेच होती. या विमानांच्या आतल्या रंगाबद्दल जितकी तोंडं तितकी मतं. कोणी म्हणे करडा, कोणी म्हणे हिरवट, कोणी म्हणे नुसता रंगाखालचा पिवळट प्रायमर. लढाईच्या धांदलीत ज्या डब्याचं झाकण उघडं असेल तो रंग लागत असणार. मास्तरांनी आधी करडा दिला. तो ओरखडला, तेव्हा ब्रशला कचरा लागला असेल म्हणून त्यांनी ब्रशच फेकून दिला. आता हिरवाही गेल्यावर त्यांची खात्री पटली, की रंगच चुकतोय आणि तो कुणाला तरी पसंत नाही. या विचाराचं त्यांना आधी हसू आलं. मग ते हसू आपोआप ओसरलं. कुणाला पसंत नाही, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

त्यांनी पाण्याच्या थेंबाने गोंद मऊ केला, झाकण उचललं, चौकट घासली आणि पिवळट प्रायमर दिला. तो सुकल्यावर झाकण पुन्हा बसवलं. या खेपेला ते हलले नाहीत. भर दुपारचं ऊन टेबलावर पडलं होतं. मास्तर भिंग धरून डोळ्यांत तेल घालून बसले. रंग शहाण्यासारखा जागच्या जागी होता.

"चहा टाकू का?" बायकोने दारातून विचारलं.

मास्तरांनी मान वळवून "टाक" म्हटलं आणि पुन्हा पाहिलं. आठ रेघा होत्या. या वेळी खोल.

मास्तर घाबरले. त्यांचा चेहरा बघून बायको आत आली. नवऱ्याच्या या खेळण्यांना तिने आजवर फडकंसुद्धा लावलं नव्हतं. तिने त्यांच्या हातातलं भिंग घेतलं आणि वाकून बघत राहिली.

"अहो," ती म्हणाली, "रंग आवडला नाही म्हणून कोणी आतून नखं मारतं का? दार उघडत नसलं की मारतात."

मास्तरांची नजर कपाटाकडे गेली. धूळ जाऊ नये म्हणून ते सगळ्याच विमानांची झाकणं बंद करून चिकटवायचे. कपाटातली झाडून सगळी विमानं बंद होती. आणि या विमानांचं झाकण वेगात अडकून बसायचं, म्हणून कितीतरी पायलट ते उघडं ठेवूनच उडायचे, हे मास्तरांना तोंडपाठ होतं. मॉडेलवाल्या मंडळींत त्यांनी ते चारचौघांना ऐकवलंही होतं. पण त्या झाकणाखाली एक माणूस बसलेला असायचा, हे काही त्यांच्या मनात आलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी झाकण सोडवलं, मागे सरकवलं आणि तसंच उघडं चिकटवून टाकलं. चौकटीला हाताला लागला तो करडा रंग दिला. मग दोघंही समोर बसून राहिली. चहा टाकायचा राहूनच गेला. टेबलावरचं ऊन भिंतीवर चढलं. रंगाला काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर विमान घेऊन बाईंच्या घरी गेले. बाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी विमान अगदी डोळ्याजवळ धरलं आणि उघड्या झाकणातून बोट हळूच आत घातलं. मास्तरांनी रात्रभर घोकलेलं बोलायला घेतलं.

"मावशी, खरं सांगतो, रंगाची खात्री मला देता येत नाही."

"रंगाचं राहू द्या, मास्तर. काल दुपारी तुम्ही काय केलंत ते सांगा," बाई म्हणाल्या. "ऐंशी वर्षं मला काचेवर ठोठावणं ऐकू येत होतं. काल दुपारी ते थांबलं."