मिटलेला चाकू

ओब्राकच्या डोंगरात घरच्या कर्त्या पुरुषानं आपला खिशातला चाकू मिटला की जेवण संपलं, सगळ्यांनी उठायचं. सगळ्यांना वाढून दमलेली ओदिल सूपचा पहिला घोट घ्यायची, तोच नवऱ्याचा चाकू खटकन मिटायचा. अशी चाळीस वर्षं गेली.

नवरा गेला, आणि टेबलावर पडलेल्या त्या चाकूवरून दोन्ही मुलांची भर जेवणात जुंपली.

"जुनं पोलाद आहे, दगडावर दोनदा फिरवलं की केस कापतं. तो मीच घेणार," थोरला म्हणाला.

"त्याला रोज पुसून तेल लावावं लागतं, आळश्या! गंजवशील. तुला आपलं स्टेनलेसच बरं," धाकटा म्हणाला.



ओदिलनं चाकू उचलला, उघडून आपल्या ताटलीशेजारी ठेवला आणि म्हणाली, "बसा रे दोघं. मी आत्ता कुठे जेवायला लागलेय."